कर्करोगाच्या उपचारांत घर, बाजार आणि प्रवास : इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सासूबाईंच्या उपचारांपासून आमच्या घरी हे प्रश्न येत राहिले आहेत. सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग अशा कुठल्याशा घरात कुणाची किमो सुरू होते आणि फोन वाजतो. बहुतेकांना औषधांबद्दल काही विचारायचं नसतं. बाबांना पोहे चालतील का, नातवाला जवळ घेऊ का, मुंबईला रेल्वेने नेऊ की गाडीने, असंच विचारतात. ओपीडीत हे विचारायला वेळ नसतो आणि थोडा संकोचही वाटतो. औषध, मात्रा आणि तपासण्या तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायच्या. इथे लिहिलं आहे ते रोजचं घर चालवण्याबद्दल.

किमो सुरू झाली. आता घराचं वेळापत्रक कसं बसवायचं?

आधी डॉक्टरांना विचारा की सायकल, म्हणजे एका किमोपासून पुढच्या किमोपर्यंतचा काळ, किती दिवसांची आहे. पुष्कळ औषधांची सायकल २१ दिवसांची असते, काहींची १४ दिवसांची, तर काही औषधं दर आठवड्याला देतात. २१ दिवसांच्या सायकलमध्ये साधारण असं होतं: पहिले तीन-चार दिवस मळमळ आणि थकवा. पुढे ७व्या ते १४व्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. या दिवसांत माणूस वरून बरा दिसतो, पण संसर्गाचा धोका तेव्हाच सर्वांत जास्त असतो. तिसऱ्या आठवड्यात अंगात जीव येतो, जेवण सुधारतं, बाहेर पडावंसं वाटतं.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर या तीन टप्प्यांच्या खुणा करा. मुंज, साखरपुडा, बँकेतलं काम, उज्जैनची फेरी, जे काही करायचं ते तिसऱ्या आठवड्यात ठेवा. मला मनापासून वाटतं की रुग्णाला सहा महिने घरात कोंडणं हा उपाय नाही. चांगले दिवस कोणते हे माहीत असलं की ते वापरता येतात, आणि धोक्याचे दिवस माहीत असले की त्या दिवसांत घरातलं कुणी हट्ट करत नाही.

ताप आला तर सकाळपर्यंत थांबावं का?

नाही. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे उत्तर मात्र घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं. किमो सुरू असताना थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा वाटणारा संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा रुग्णाला इस्पितळात पोचल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असं जगभर मानलं जातं.

‘आधी एक क्रोसिन देऊन बघू’ असं कुणी ना कुणी म्हणतंच. गोळीने आकडा खाली येतो, आजार तिथेच राहतो आणि मौल्यवान तास जातात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी देऊ नका. थंडी वाजून हुडहुडी भरली, पण ताप मोजला तर नाही, असं असेल तरी फोन करा.

तयारी आधीच करून ठेवा. रात्री कोणत्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जायचं हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. फाईलच्या पहिल्या पानावर आजाराचं नाव, किमोच्या औषधांची नावं, शेवटच्या किमोची तारीख, कशाची ॲलर्जी आहे आणि पोर्ट किंवा पिक लाईन (शिरेतून औषध देण्यासाठी बसवलेली नळी) आहे का, एवढं ठळक लिहा. दारात शिरताच पहिलं वाक्य हेच बोला: ‘किमो चल रही है, बुखार है.’ रांगेत बसून नंबराची वाट पाहू नका. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

पोहे-जिलबी आणि सराफा अगदी बंद का?

इंदूरच्या माणसाला हे सगळ्यात जड जातं, आणि मी त्याला क्षुल्लक म्हणणार नाही. सकाळी पोह्यांचा वास आला की आपल्याला घर जागं झाल्यासारखं वाटतं.

वाफेवरचे गरम पोहे हा त्यातला त्यात सुरक्षित भाग. अडचण असते ती वरून पडणाऱ्या गोष्टींची: कापून ठेवलेला कांदा, कोथिंबीर, उघड्या डब्यातली शेव, जिरावनाचा मसाला, आणि बादलीत विसळलेली बशी. म्हणून पोहे घरीच करा, बंद पाकिटातली शेव घाला आणि गरम असतानाच खाऊ द्या. तोंड आलं असेल तर जिरावन आणि लिंबू वगळा, दोन्ही झोंबतात. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातला गराडू (तळलेला कंद) किंवा भुट्ट्याचा कीस घरी करता येतो. सराफ्यातली रात्रीची गर्दी मात्र चांगल्या आठवड्यातही टाळलेली बरी. दहीवडा, पाणीपुरी, शिकंजी, बर्फाचा गोळा, गाडीवर कापून ठेवलेली पपई आणि उसाचा रस उपचार संपेपर्यंत नकोच.

घरचा नियम सोपा आहे. ताजं शिजवलेलं, गरम वाढलेलं आणि दोन तासांहून जास्त बाहेर न राहिलेलं अन्न द्यायचं. फळं सोलून खायची: केळं, संत्रं, स्वच्छ धुऊन साल काढलेलं सफरचंद. कच्ची मोड आलेली मटकी नको, शिजवलेली उसळ चालते. पिशवीतलं दूधही उकळूनच द्या. ताज्या घरच्या दह्याबद्दल डॉक्टरांची मतं वेगवेगळी असतात, तेव्हा काउंट्स (रक्तातल्या पेशींची संख्या) बघून त्यांनाच विचारा.

चवच लागत नाही, फोडणीच्या वासाने उलटी येते. काय द्यावं?

काही औषधांनी तोंडात लोखंडासारखी चव येते. आमच्याकडे सासूबाई वाटी पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, ‘चमचाच कडू लागतोय.’ स्टीलचा चमचा काढून लाकडी दिला, तेव्हा मेतकूट-भाताचे चार घास गेले. प्लॅस्टिकचा चमचाही चालतो.

स्वयंपाक चालू असताना रुग्णाला दूरच्या खोलीत बसवा आणि अन्न वाफाळतं न देता कोमट करून द्या, म्हणजे वास कमी येतो. पण कोमट करायचं म्हणून तासभर झाकून ठेवायचं नाही. ताट भरून वाढू नका. दर दोन-तीन तासांनी वाटीभर द्या: मऊ वरण-भात-तूप, तांदळाची उकड, नाचणीचं सत्त्व, मुगाचं धिरडं, पनीर, पूर्ण शिजवलेलं अंडं. या काळात शरीराला प्रथिनं लागतात, नुसत्या पेजेवर आठवडे काढले तर वजन उतरतं. आठवड्यातून एकदा एकाच काट्यावर वजन करा आणि ते वहीत लिहा. किमोच्या बऱ्याच औषधांची मात्रा उंची-वजनावरून काढतात, त्यामुळे वजन बरंच घटलं तर डॉक्टरांना कळायला हवं.

उलटीची गोळी ‘उलटी झाली तर’ म्हणून ठेवून देऊ नका. लिहून दिलेल्या वेळेला ती आधीच घ्यायची असते. उलटीवरच्या ऑन्डानसेट्रॉन या गोळीने पोट साफ होत नाही, हेही लक्षात ठेवा. तीन दिवस वाट पाहण्याऐवजी सुरुवातीलाच सांगा. तोंड आलं असेल तर मऊ ब्रश वापरा आणि कोमट पाण्यात थोडं मीठ व खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या करा. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको.

एकादशी, चतुर्थीचा उपास करू द्यावा का?

आई-आजींना हा प्रश्न फार लागतो, म्हणून ‘देव काय म्हणतो’ असा वाद घालू नका. किमोच्या आठवड्यात, वजन उतरत असताना किंवा मधुमेहाची औषधं सुरू असताना उपास नको, हे डॉक्टरांच्याच तोंडून सांगवून घ्या. किमोबरोबर दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनने साखर वर जाते, त्यात उपाशी राहिलं तर ती वर-खाली होत राहते. ज्यांना नेम मोडवत नाही, त्यांनी त्या दिवशी जेवण नेहमीसारखं घ्यावं आणि संध्याकाळी आरती करावी. आमच्या ओळखीत एका घरी सुनेने सासूबाईंचा उपास स्वतःकडे घेतला. सासूबाई निश्चिंत झाल्या आणि जेवल्या.

गुळवेल, हळदीच्या गोळ्या, काढा, गोमूत्र… देऊन बघायला काय हरकत आहे?

हरकत आहे. स्वयंपाकातली हळद वेगळी आणि गोळीतला हळदीचा अर्क वेगळा. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतातल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत, आणि किमोच्या काळात यकृतावर आधीच ताण असतो. पपनस आणि त्याच्या जातीचं ग्रेपफ्रूट कर्करोगाच्या काही टार्गेटेड (नेमक्या लक्ष्यावर काम करणाऱ्या) गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण बदलतात. काहीही सुरू करायचं असेल तर बाटली घेऊन डॉक्टरांपुढे ठेवा. लपवून मात्र देऊ नका. रिपोर्ट बिघडला की कारण सापडत नाही आणि पुढची किमो लांबते.

घरात लहान मुलं आहेत. आजीला वेगळं ठेवावं का?

कर्करोग संसर्गाने पसरत नाही. एकाच ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एका पलंगावर झोपल्याने तो कुणालाही होत नाही. बाहेरून मशीनने दिलेल्या रेडिएशननंतर माणसाच्या अंगातून किरणंही निघत नाहीत. भांडी वेगळी, खोली वेगळी करणारी घरं मी पाहिली आहेत आणि त्या माणसाचा चेहरा कसा होतो तेही पाहिलं आहे. कृपा करून तसं करू नका.

थायरॉइडसाठी रेडिओॲक्टिव्ह आयोडीन दिलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा इस्पितळ सांगेल तितके दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून अंतर ठेवायचं. एरवी काळजी उलट्या दिशेची असते: मुलांना सर्दी-खोकला असेल तर त्यांनी आजीपासून दूर राहावं. घरात किंवा शाळेत कांजिण्या निघाल्या आणि रुग्णाचा त्या मुलाशी संबंध आला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

किमोनंतरचे साधारण ४८ तास लघवी, शौच, उलटी यांत औषधाचा अंश असतो. कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करा, उलटी साफ करताना हातमोजे घाला आणि खराब झालेले कपडे वेगळे धुवा. घरी किमोच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या तोडायच्या नाहीत, कुटायच्या नाहीत. गरोदर सुनेने त्यांना हात लावू नये.

भेटायला येणाऱ्यांना कसं अडवायचं?

घरातल्या एकाच माणसाने ही जबाबदारी घ्यावी, रुग्णावर टाकू नये. ७व्या ते १४व्या दिवसात फोनवरच बोला. इतर वेळी दोघा-दोघांनी, हात धुऊन, अर्धा तास यावं. गणपतीत आरतीला घर भरतं, तेव्हा रुग्णाला आतल्या खोलीत खिडकीपाशी बसवा आणि गर्दी ओसरली की दर्शन घडवा. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्याकडे नेण्याचा विचारही नको. तिथे गर्दी, रंग आणि टँकरचं पाणी हे तिन्ही एकत्र असतं. अनंत चतुर्दशीच्या झांक्या घरातून बघा.

रेडिएशन रोज आहे. रोजची ये-जा कशी जमवायची?

रेडिएशनचा शेक साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस असतो आणि काही आठवडे चालतो. मशीनवर काही मिनिटंच लागतात, वेळ जातो तो वाट बघण्यात. पहिल्याच दिवशी सकाळची वेळ मागा. इंदूरचा मे महिना चाळिशीच्या पुढे जातो आणि संध्याकाळी पलासिया, एमवाय इस्पितळाच्या बाजूला वाहनं सरकत नाहीत. ई-रिक्षा स्वस्त असते, पण शस्त्रक्रियेनंतर खड्ड्यांतले धक्के सहन होत नाहीत. शेजारीपाजारी विचारतात ना, ‘काही लागलं तर सांगा’? त्यांना वार वाटून द्या. मंगळवार जोशीकाका, गुरुवार समोरची वहिनी. नेमकं काम सांगितलं की माणसं आनंदाने करतात.

त्वचेवरच्या खुणा पुसू नका. त्या भागावर कोमट पाणी आणि सौम्य साबण चालतो, घासायचं नाही. हळद-चंदनाचा लेप, गरम पाण्याची पिशवी, टॅल्कम पावडर नको. जुनं, मऊ, सैल सुती कापड घाला. मध्येच एखादा दिवस चुकला तर लगेच तंत्रज्ञाला सांगा, तो पुढे भरून काढावा लागतो.

मुंबईला टाटाला नेलंच पाहिजे का?

प्रत्येक वेळी नाही. परळचं टाटा मेमोरियल १९४१ सालापासून आहे, आणि घराघरांत त्याच्यावर श्रद्धा आहे ती योग्यच. पण दर तीन आठवड्यांनी रात्रभर प्रवास करून साधी किमो घ्यायला जाणं रुग्णाला मोडून टाकतं. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या रूपाने देशभरातली केंद्रं एकमेकांना जोडली गेली आहेत, उपचारांची सारखी पद्धत रुजावी म्हणून. मला पटतो तो मार्ग असा: निदान आणि उपचारांचा आराखडा मुंबईत पक्का करून घ्या, स्लाइड्स आणि ब्लॉक (गाठीच्या तुकड्याचे तपासणीसाठी जपलेले नमुने) दाखवा, आणि त्याच डॉक्टरांना थेट विचारा, ‘यातलं काय इंदूरला करता येईल?’ ते स्वतःच लिहून देतात. दुर्मीळ प्रकार, अवघड शस्त्रक्रिया आणि लहान मुलांचे कर्करोग यांच्यासाठी मात्र जाण्यात कंटाळा करू नका.

रेल्वेत सवलत किती आणि मिळवायची कशी?

उपचारांसाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत मूळ भाड्याची १०० टक्के सूट असते, सोबतच्या एका माणसाला याच वर्गांत ७५ टक्के. टू एसी आणि फर्स्ट एसीत दोघांनाही ५० टक्के. सेकंड क्लास आणि एसी चेअर कारमध्ये ७५ टक्के. रेल्वेने ठरवून दिलेल्या नमुन्यात इस्पितळाच्या डॉक्टरांची सही आणि शिक्का असलेला दाखला लागतो, तो घेऊन आरक्षण खिडकीवर जायचं. सूट मूळ भाड्यावर असल्यामुळे बाकीचे आकार द्यावे लागू शकतात. डिस्चार्जच्या धावपळीत दाखला राहून जातो, म्हणून ओपीडीत गेल्या गेल्याच मागा आणि दोन्ही बाजूंच्या प्रवासाचं विचारून घ्या.

रात्रीच्या अवंतिकाने नेताना बरोबर काय ठेवावं?

अवंतिका एक्सप्रेस रात्रभर चालून सकाळी मुंबई सेंट्रलला पोचते, त्यामुळे रात्रीची औषधं प्रवासातच द्यायची असतात. औषधांचा डबा आणि फाईल मोठ्या बॅगेत टाकू नका, उशाशी ठेवा. थर्मामीटर, उलटीच्या पिशव्या, सॅनिटायझर, मास्क, स्वतःची चादर, उकळून गार केलेलं पाणी, घरची दशमी आणि केळी घ्या. खालचा बर्थ मागा. तासाभराने उठून डब्यात चार पावलं चाला, झोपेत असाल तर जाग आली की पाय हलवा. कर्करोगात आणि काही औषधांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. एकाच पोटरीला सूज आली, दुखायला लागलं किंवा अचानक धाप लागली तर ते थकव्याचं लक्षण समजू नका.

किमोचं ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध सुरू असेल तर एसीचा गार झोत आणि थंड पाणी या दोन्हींनी बोटांना व घशाला मुंग्या येतात. शाल, मोजे आणि कोमट पाण्याचा थर्मास लागेल.

निघण्याआधी एक-दोन दिवसांत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करून घ्या आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. काउंट्स फार कमी असतील तर तिकीट रद्द करावं लागलं तरी करा.

गाडीने किंवा विमानाने?

गाडीने आग्रा-मुंबई रस्त्याने सेंधवा, धुळे, नाशिक असं जायचं म्हणजे पूर्ण दिवस. धुळ्याला मुक्काम करायची तयारी असेल तर चालेल. पोटाच्या किंवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर विमानात बसण्याआधी डॉक्टरांचं पत्र घ्या आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. पोर्ट बसवलं असेल तर विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत त्याचं कार्ड दाखवा.

मुंबईत राहायचं कुठे?

इस्पितळाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा. धर्मशाळांसाठी बहुतेक ठिकाणी तिथलं पत्र लागतं. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. नातेवाइकांकडे राहायचं झालं तर तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट आहे का हे विचारायला लाजू नका.

खर्चाचं काय?

आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, आणि योजनेतल्या कुठल्याही राज्यातल्या इस्पितळात कार्ड चालतं. २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना उत्पन्नाची अट नाही. आपल्याकडे पेन्शनर आजी-आजोबा ‘आम्हाला कुठलं मिळणार’ म्हणून कार्डच काढत नाहीत. काढून ठेवा, आजार नसला तरी.

दुखणं फार आहे. मॉर्फिनची सवय लागेल का?

डॉक्टरांनी वेदनेसाठी ठरवून दिलेल्या मात्रेत घेतलं तर व्यसन लागण्याची शक्यता कमी असते. वेदनेने तळमळत ठेवणं हा कुठलाच उपचार नाही. २०१४ च्या कायदेबदलानंतर ते मिळणं थोडं सोपं झालं आहे, पण मान्यताप्राप्त केंद्रांतूनच मिळतं. प्रवासात गोळ्या मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट ठेवा. शेवटची पट्टी उरली की नव्हे, आठवड्याची असतानाच पुढचा साठा आणा.

गाडी चालवणं, नोकरी?

किमोच्या दिवशी ॲव्हिलसारखी इंजेक्शनं दिली जातात, त्यांनी झोप येते. त्या दिवशी स्कूटरला हात लावू नका. नोकरी करणारे पुष्कळजण चांगल्या आठवड्यात कामावर जातात. साहेबांशी एकदाच मोकळं बोला आणि सायकलच्या तारखा आधीच देऊन ठेवा.

सांभाळणाऱ्याने काय करावं?

त्यानेही जेवावं, झोपावं आणि स्वतःची बीपीची गोळी घ्यावी. रात्रीची जाग एकाच माणसावर सहा महिने टाकू नका. पुणे-मुंबईची मुलं पैसे पाठवतात, ते लागतातच. पण इथली सून किंवा मुलगी महिनोन्‌महिने घराबाहेर पडलेली नसते, ते कुणी बघत नाही. एक आठवडा येऊन राहा आणि तिला माहेरी जाऊ द्या.

उपचार संपले. आता फाईल माळ्यावर टाकू?

नको. तपासण्या पुढेही सुरू राहतात, सुरुवातीला काही महिन्यांच्या अंतराने, मग लांबतात. पोर्ट काढलेलं नसेल तर ते ठरावीक काळाने फ्लश करावं लागतं, तारीख डे-केअरमध्ये विचारा. रेल्वेची सवलत तपासणीसाठीच्या प्रवासालाही आहे, दाखला मात्र नवा घ्यावा लागतो. फाईलचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. थकवा पुढचे काही महिने रेंगाळतो, त्यामुळे संध्याकाळी नेहरू पार्कमध्ये एक चक्कर जमली तर पुढच्या आठवड्यात दीड करा.